ब्रेक गरम झाला की धरतो आणि पार्ट कुठंच मिळत नाही: जुन्या स्पोर्ट्‌स कारवाल्यांसाठी

मार्च संपत आला की हे फोन सुरू होतात. गाडी कधी एमजीबी असते, कधी ट्रायम्फ स्पिटफायर, कधी कुणाच्या आजोबांनी जपून ठेवलेली स्टँडर्ड हेराल्ड. (हेराल्ड ही काही स्पोर्ट्‌स कार नव्हे, पण स्पिटफायर तिच्याच आखूड केलेल्या चासीवर उभी आहे, म्हणून तिलाही यात धरतो.) तक्रार मात्र एकच. सोलापूरच्या पुणे नाक्यावरून निघताना गाडी हलकी चालते. सावळेश्वरच्या टोलनाक्यापर्यंत जड वाटायला लागते, ब्रेकचं पेडल वर येऊन कडक होतं, पाय काढला तरी गाडी मोकळी सुटत नाही, आणि थांबलं की पुढच्या चाकातून जळका वास. तासभर झाडाखाली उभी केली की काही झालंच नाही अशी पुन्हा चालते. पुढचं वाक्य ठरलेलं: "मास्टर सिलिंडर गेला वाटतं. सोलापुरात तर मिळणार नाही, इंग्लंडहून मागवू का?"

मागवायचा तर मागवूच. पण महागडा मास्टर सिलिंडर (पेडलचा जोर ऑईलच्या दाबात बदलणारा मुख्य सिलिंडर) मागवून बसवला आणि पुढच्या उन्हाळ्यात तोच वास परत आला, असे लोक मी भरपूर बघितलेत. दोष होता होज पाइपात, नाहीतर रबरात, नाहीतर पेडलच्या दांड्यात. शिवाय गाडीचं नाव सांगून पार्ट शोधायला गेलं की तो दुर्मिळ वाटतो. हातातला तुकडा मोजून, त्याच्यावरची अक्षरं वाचून शोधलं की निम्म्या वेळा तो दुर्मिळ नसतोच, आणि उरलेल्या बऱ्याच वेळा विकत घ्यायची गरजच पडत नाही.

आधी दाब कुठं अडकलाय ते पकडा

गाडी ब्रेक धरेपर्यंत चालवा. गार झाल्यावर तपासण्यात अर्थ नाही. पुढची बाजू जॅकवर घ्या, स्टँड लावा, चाक हातानं फिरवा. एकच चाक घट्ट आहे की दोन्ही, हे आधी बघा. दोन्ही असतील तर भानगड बहुधा वरच्या बाजूला, म्हणजे मास्टर सिलिंडर, पेडल किंवा सर्व्हो (पायाचा जोर वाढवणारा बूस्टर). एकच असेल तर त्या चाकाचा होज किंवा कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा चिमटा).

आता घट्ट चाकाच्या ब्लीडिंग निप्पलवर (ब्रेकमधली हवा काढायच्या तोंडावर) रिंग पाना लावा, नळी घालून बाटलीत सोडा आणि अर्धा आटा ढिला करा. डोळ्याला चष्मा हवा, कारण ऑईल गरम असतं आणि जोरात उडतं. रंगावर पडलं तर लगेच पाणी मारा, नाहीतर रंग सोलून निघतो. निप्पल उघडताच ऑईल उडालं आणि चाक मोकळं झालं, तर आत दाब अडकला होता. ऑईल साधं ठिबकलं आणि चाक तसंच घट्ट राहिलं, तर हायड्रॉलिकचा संबंध नाही. कॅलिपरचा पिस्टन गंजून अडकलाय, शू चुकीचे सेट झालेत किंवा हँडब्रेकची केबल ओढून धरतेय.

दाब अडकलेला निघाला तर निप्पल बंद करा, गाडी पुन्हा गरम करा. या वेळी चाकाकडचा नको, चासीकडचा सांधा ढिला करा, म्हणजे लोखंडी पाइप जिथं रबरी होजला मिळतो तो. तिथं ढिलं करूनही चाक घट्टच राहिलं आणि निप्पल उघडल्यावरच सुटलं, तर होज आतून फुगून बंद झालाय. बाहेरून तो नव्यासारखा काळाभोर दिसेल, पण आतलं अस्तर सोलून झडपेसारखं काम करतं. पायाचा जोर ऑईल पुढं ढकलतो, परत यायला मात्र जोर नसतो. गेल्या काही वर्षांत माझ्यासमोर आलेल्या एका चाकाच्या तक्रारींत सगळ्यात जास्त वेळा हाच चोर सापडलाय, आणि तो या सगळ्या सामानात सगळ्यात स्वस्त.

चासीकडच्या सांध्यावर चाक सुटलं तर वर चला. पण मास्टर सिलिंडरचा पाइप सोडायच्या आधी त्याचे फायरवॉलवरचे दोन नट ढिले करा आणि सिलिंडर दोन-तीन मिलिमीटर पुढं ओढा. तेवढ्यानं चाकं मोकळी झाली तर सिलिंडर निर्दोष आहे. पेडलचा पुशरॉड, म्हणजे दांडा, त्याला पूर्ण मागं येऊ देत नाही. एमजीबीच्या मॅन्युअलमध्ये पेडलच्या टोकाशी 1/8 इंच, म्हणजे साधारण 3 मिलिमीटर मोकळी हालचाल सांगितली आहे. कुणीतरी "पेडल खाली जातंय" म्हणून रॉड लांब केला किंवा ब्रेक लाइटचा स्विच आत दाबून बसवला की ती हालचाल संपते.

ती का लागते, ते एकदा समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं जातं. मास्टर सिलिंडरमध्ये, पिस्टनच्या वायसरच्या (रबरी सीलच्या) अगदी पुढं, वरच्या टाकीकडं जाणारं एक बारीक भोक असतं. पाय काढलेला असताना हे भोक उघडं राहिलं पाहिजे. चाकाशी ऑईल तापून पसरतं, ते वाढलेलं ऑईल याच वाटेनं टाकीत परत जातं. वायसर फुगला किंवा पिस्टन पूर्ण मागं आला नाही तर वाट बंद. मग ऑईल पसरून पॅड दाबतं, पॅड घासून अजून उष्णता होते, ऑईल अजून पसरतं. मेच्या सोलापुरात, सावलीत 43 अंश असताना, हे चक्र टोलनाक्यापर्यंतच पूर्ण होतं. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत तीच गाडी महिनाभर कुरकुर न करता चालते, म्हणून लोकांना वाटतं दोष आपोआप गेला.

भोक उघडं आहे का हे बघायला टाकीचं झाकण काढा, दुसऱ्याला पेडल अगदी हलकं दाबायला सांगा. दाबायच्या सुरुवातीला तळातून बारीक कारंजं उडालं तर वाट मोकळी. तोंड मात्र टाकीवर धरू नका.

रबर: खरा घोटाळा इथं होतो

वायसर का फुगतो? दोन कारणं. एक म्हणजे टाकीत कुणीतरी इंजिन ऑईल किंवा पॉवर स्टीअरिंगचं ऑईल टाकलं. ब्रेकसाठीचं आजचं चांगलं रबर ईपीडीएम जातीचं असतं. ग्लायकॉलच्या ब्रेक ऑईलमध्ये ते वर्षानुवर्षं टिकतं आणि खनिज तेलाचा स्पर्श झाला की फुगून मऊ पडतं. हे एकदा झालं की फक्त ऑईल बदलून भागत नाही. सिस्टीममधलं प्रत्येक रबर आणि प्रत्येक होज बदलावा लागतो, पाइप धुऊन वाळवावे लागतात. एखादा वायसर "हा बरा दिसतोय" म्हणून ठेवला की तक्रार परत.

दुसरं कारण बरोबर उलटं, आणि ते आपल्या गावाला जास्त लागू आहे. सोलापुरात एमआयडीसी आहे, चारी बाजूंना साखर कारखाने आहेत, जेसीबी आहेत, म्हणून हायड्रॉलिक सील विकणाऱ्या दुकानांची कमी नाही. जुना वायसर घेऊन गेलात तर शेठ डब्यातून हुबेहूब मापाचा काढून देईल. विचारलं तर म्हणेल, "काळं रबर सगळं एकच की ओ." एक नसतं. त्या डब्यातलं रबर बहुतेक वेळा एनबीआर म्हणजे नायट्राइल असतं. प्रेसच्या, जेसीबीच्या खनिज तेलात ते उत्तम टिकतं, ब्रेक ऑईलमध्ये फुगतं. माप हुबेहूब, बसतंही छान, पहिले काही आठवडे ब्रेक झकास, आणि मग टोलनाक्यावर वास.

रंगावरून किंवा वासावरून हे ओळखता येत नाही. करायचं असं. घेतलेल्या मापाचे दोन वायसर जास्तीचे घ्या, त्यातला एक कापून दोन तुकडे करा आणि दोन्ही व्हर्नियरनं मोजून माप लिहून ठेवा. औषधाच्या दोन काचेच्या बाटल्या घ्या. एकीत सीलबंद डब्यातलं नवं डॉट 4 जातीचं ब्रेक ऑईल, दुसरीत साधं इंजिन ऑईल. दोन्हींत एकेक तुकडा टाकून झाकण लावा आणि गच्चीवर उन्हात ठेवा. सोलापूरच्या उन्हाचा याच्याइतका चांगला उपयोग मला दुसरा माहीत नाही. दोन-तीन दिवसांनी चिमट्यानं काढून पुसा आणि पुन्हा मोजा. ब्रेक ऑईलमधला तुकडा होता तसाच, कडा धारदार, आणि इंजिन ऑईलमधला फुगून बोटात लिबलिबीत लागतोय: हे रबर ब्रेकचं. उलटं दिसलं तर ते सील शेठला परत द्या, त्याचा काही दोष नाही, त्यानं सील विकला आणि सील चांगलाच आहे.

होजचंही तेच. जेसीबीचे होज क्रिम्प करून देणारे आता प्रत्येक हायवेला आहेत आणि त्यांचा होज ब्रेकपेक्षा कितीतरी जास्त दाब सहन करतो. दाबाचा प्रश्न नाही, आतल्या अस्तराचा आहे. ब्रेकचा होज ब्रेक ऑईलसाठीच बनवलेला पाहिजे. त्याच्यावर एसएई जे1401 हा मानकाचा आकडा छापलेला असतो, तो बघा, तारीख बघा. जुना साठा, डब्यात न वापरलेला, मूळ कंपनीचा, म्हणून चाळीस वर्षांपूर्वीचा होज किंवा रबर किट कुणी हौसेनं जास्त पैसे देऊन घेत असेल तर त्याला अडवा. लोखंडाचा जुना साठा सोन्यासारखा, रबराचा जुना साठा कचरा. माझा याबाबतीत कुणाशी वाद नाही, कारण ऐकून घेण्यासारखी दुसरी बाजूच नाही.

गाडीचं नाव नको, तुकड्यावरचं नाव वाचा

त्या काळच्या छोट्या स्पोर्ट्‌स कार बनवणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी स्वतःचे ब्रेक बनवले. इंग्लंडात गर्लिंग, लॉकहीड आणि डनलॉप, जर्मनीत एटीई (ATE), अशा मोजक्या कंपन्या सगळ्यांना पुरवत होत्या. ट्रायम्फ टीआर3 ला 1956 मध्ये पुढं डिस्क ब्रेक आले ते गर्लिंगचे. एमजीबीचे लॉकहीडचे. जग्वारनं 1953 ची ल मॉन्सची शर्यत जिंकली तेव्हा गाडीवर डनलॉपच्या डिस्क होत्या. लोटस एलानसारख्या नावाजलेल्या गाडीच्या पुढच्या चाकांचे अपराइट (चाक ज्यावर बसतं तो उभा भाग) ट्रायम्फच्या साध्या घरगुती गाड्यांकडून आलेले होते. म्हणून "लोटसचा पार्ट" शोधणारा उपाशी राहतो आणि "गर्लिंगचा अमुक टाइप" शोधणाऱ्याला मिळून जातो.

तुकडा धुऊन, वायर ब्रशनं घासून उजेडात धरा. ओतीव भागावर कंपनीचं नाव, नंबर आणि पुष्कळदा बोअरचं, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या व्यासाचं, माप असतं. इंचात असतं: 5/8 म्हणजे 15.88 मिलिमीटर, .70 म्हणजे 17.78, 3/4 म्हणजे 19.05, 7/8 म्हणजे 22.22. स्वतः मोजूनही घ्या, कारण पन्नास वर्षांत कुणी काय बदललंय ते गाडीच्या कागदावर नसतं.

बोअर "जवळपास" चालत नाही. 3/4 च्या जागी 7/8 चा मास्टर सिलिंडर आरामात बसतो, दिसायला भाऊच. पण पिस्टनचं क्षेत्रफळ 36 टक्क्यांनी वाढतं. तेवढ्याच पायाच्या जोरात दाब सुमारे 27 टक्क्यांनी कमी पडतो. पेडल वर आणि कडक लागतं, मालक खूश होतो, गाडी मात्र उशिरा थांबते.

आणखी एक जागा, जिथं "बसतोय की" म्हणून फसगत होते. चारही चाकांना ड्रम असलेल्या जुन्या गाड्यांच्या बऱ्याच मास्टर सिलिंडरमध्ये टोकाला एक चेक व्हॉल्व्ह असतो. तो पाइपात साधारण 10 पीएसआय दाब कायम ठेवतो, म्हणजे ड्रममधले वायसर पसरलेले राहतात. तोच सिलिंडर डिस्कच्या गाडीला लावला की पॅड सदा घासत राहणार. अँबॅसिडर किंवा हेराल्डचा सिलिंडर स्वस्तात मिळाला म्हणून स्पोर्ट्‌स कारला बसवलेला असेल आणि ब्रेक धरत असेल, तर बाकी काही तपासायच्या आधी हा व्हॉल्व्ह बघा. अँबॅसिडरचं आणि एमजीचं इंजिन एकाच बीएमसी बी सिरीज घराण्यातलं, म्हणून इंजिनाच्या सामानाला अँबॅसिडर खरंच कामी येते. त्यावरून ब्रेकही चालतील असं धरून चालणं मात्र महागात पडतं.

नटांचे आटे हा विषय मी मुद्दाम सविस्तर सांगतो. जुन्या ब्रिटिश गाड्यांचे पाइप नट बहुतेक 3/8 यूएनएफ, इंचाला 24 आटे. बाहेरचा व्यास 9.5 मिलिमीटर. आपल्याकडच्या आजच्या गाड्यांचे एम10 बाय 1. हातात घेतले तर दोन्ही नट जुळे वाटतात. इंचाचा नट मिलिमीटरच्या भोकात टाकला की तो जातो, किंबहुना जरा जास्तच सहज जातो, हातानं शेवटपर्यंत फिरतो, वर पाना मारला की घट्टही होतो. पण तो आट्यांच्या फक्त टोकांवर टेकलेला असतो. गावात हळू चालवताना गळणारही नाही. जोरात ब्रेक मारला की पाइपात हजार पीएसआयच्या वर दाब जातो, आणि एक दिवस नट आटे खाऊन बाहेर येतो. म्हणून थ्रेड गेज जवळ ठेवा. नसेल तर नट भोकात तीन आटे फिरवून आडवा हलवून बघा. योग्य जोडीत तो जेमतेम हलतो. डुगडुगला तर तिथंच थांबा. सत्तरच्या दशकात ब्रिटिश गाड्या इंचातून मिलिमीटरकडं सरकल्या, त्यामुळं एकाच मॉडेलच्या आधीच्या आणि नंतरच्या कॅलिपरमध्येही हा फरक निघतो. विकत घेताना गाडीचं साल सांगून भागत नाही, तुमच्या कॅलिपरचा आटा सांगावा लागतो.

बॉडी वाचवा

इथं सोलापूर कुणापेक्षा कमी नाही. गिरण्या गेल्या तरी त्या गिरण्यांनी आणि यंत्रमागांनी या गावात टर्नर पिकवले. माग बंद पडला तर पार्टची वाट बघत कुणी बसत नसे, लेथवर करून घेत. अक्कलकोट रोडच्या पट्ट्यात आजही असे अण्णा आहेत ज्यांना नकाशा लागत नाही, फक्त नमुना आणि नेमकं काम काय ते सांगावं लागतं.

कॅलिपरपासून सुरू करू, कारण ते सोपं आहे. त्या काळच्या बहुतेक ब्रिटिश कॅलिपरमध्ये सील बोअरच्या खाचेत बसतो आणि पिस्टनच्या अंगावर घासतो. म्हणजे आरशासारखा पिस्टन पाहिजे, बोअर नव्हे. मूळ पिस्टनचं क्रोम उडून खड्डे पडले की सील फाटतो किंवा पिस्टन अडकतो. असा पिस्टन 304 किंवा 316 स्टेनलेस स्टीलमध्ये करून घेता येतो. माप जुन्या पिस्टनच्या न गंजलेल्या भागावर मायक्रोमीटरनं घ्या, धूळ अडवणाऱ्या रबरी बुटाची खाच विसरू नका, आणि शेवटी ग्राइंडिंग करून पॉलिश केलेला हवा, नुसता टर्न केलेला नको. स्टेनलेसला क्रोमसारखा पापुद्रा नसतो, म्हणून एकदा केला की गंजाची कटकट मिटली. कॅलिपरचे दोन अर्धे भाग मात्र उगाच सोडू नका.

मास्टर सिलिंडरच्या बोअरला नख लागेल असे खड्डे असतील तर हलकं होनिंग करून भागत नाही, माप मोठं होऊन वायसर धरत नाही. त्याला स्टेनलेस किंवा पितळेची स्लीव्ह घालतात: बोअर मोठा करायचा, स्लीव्ह घट्ट बसवायची, आत मूळ मापापर्यंत आणायचं. हे काम करणारे भरपूर आहेत. फरक पडतो तो मघाशी सांगितलेल्या बारीक भोकात. स्लीव्ह बसली की ते भोक बंद होतं, ते पुन्हा त्याच जागी पाडावं लागतं. एक-दोन मिलिमीटर पुढं-मागं झालं की एकतर वाट कायम बंद, नाहीतर पेडलला वांझोटी हालचाल. आणि भोकाच्या आतल्या कडेला राहिलेली बुर ब्लेडसारखी वायसर कापते. काम घेताना बोअरमध्ये टॉर्च मारून ही कड बघा, कापसाचा बोळा काडीला लावून फिरवा. धागे अडकले तर काम परत द्या. टर्नर कितीही जुना असो, बोळा फिरवायचा.

ड्रममधल्या शूवरच्या लायनरचं काम ट्रकवाल्यांच्या दुकानात चांगलं होतं, रिव्हेट मारण्यात त्यांचा हात बसलेला असतो. फक्त हलक्या गाडीचं, मऊ जातीचं लायनर मागा. ट्रकचं कडक लायनर छोट्या गाडीत तापतच नाही आणि धरतही नाही. जुन्या ड्रममधली धूळ हवेच्या पाइपनं उडवू नका, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. ओल्या फडक्यानं पुसा.

लोखंडी पाइप गंजला असेल तर कॉपर-निकेलचा किंवा स्टीलचा ब्रेक पाइप, डबल फ्लेअर करून (टोक दुहेरी दुमडून पसरवून). फ्रिजवाल्याकडचा तांब्याचा पाइप आणि त्याचं एकेरी फ्लेअर दिसायला सुंदर असतं. बसवू नका.

आता खरोखर विकत घ्यायचं तर

इतकं झाल्यावर यादी लहान उरते: रबर किट, होज, पॅड, कधी एखादा व्हील सिलिंडर. आणि एमजीबी जगात पाच लाखांवर बनल्या, स्पिटफायर तीन लाखांवर. त्यांच्या ब्रेकचं सामान इंग्लंडात आजही नवं बनतं. दुर्मिळ आहे ते फक्त इथं.

आधी देशात बघा. स्टँडर्ड हेराल्ड 1961 पासून मद्रासला बनत होती, म्हणून तिचा आणि तिच्या घराण्याचा माल अजूनही दक्षिणेत निघतो, चेन्नईच्या पुदुपेटमध्ये विचारणा करणं फुकट जात नाही. गर्लिंगचं तंत्र भारतात आलं ते 1962 साली सुरू झालेल्या ब्रेक्स इंडियातून, त्यामुळं टीव्हीएस-गर्लिंग असं लिहिलेले जुने डबे दिल्लीच्या काश्मीरी गेटला किंवा मुंबईच्या चोर बाजारात दिसले तर बोअर मोजून घ्या. डब्यातली बॉडी वापरा, रबर फेका. पुण्याचा जुना बाजार बुधवार-रविवारचा. तिथं नशिबाचा भाग जास्त, पण व्हर्नियर खिशात ठेवून गेलं की नशीब जरा सुधारतं.

परदेशातून मागवताना विक्रेत्याला गाडीचं नाव शेवटी सांगा. आधी कंपनी, ओतीव नंबर, बोअर, आटा आणि तुकड्याला व्हर्नियर लावलेला फोटो. रबर कोणत्या जातीचं आणि कोणत्या वर्षी बनलेलं, हे लेखी विचारा. उत्तर टाळणाऱ्याकडून घेऊ नका, स्वस्त असला तरी. कस्टम आणि जीएसटी धरूनच हिशेब करा, पार्सलवर खरी किंमत लिहायला सांगा, केवायसीचे कागद आधीच तयार ठेवा, नाहीतर पन्नास ग्रॅमचं किट मुंबईत पडून राहतं. दोन-तीन गाडीवाल्यांनी मिळून एकदम मागवलं तर पाठवणीचा खर्च विभागतो. डिस्क मागवायच्या आधी जाडी मोजा आणि मॅन्युअलच्या किमान मापाशी ताडून बघा. पुष्कळदा हलका कट मारून काम होतं आणि ते वजन समुद्रापलीकडून आणावं लागत नाही. ब्रेक ऑईल मात्र बाहेरून मागवू नका, चांगलं डॉट 4 कोपऱ्यावरच्या दुकानात आहे.

ऑईलवरून आठवलं. नव्या डॉट 4 चा उकळणबिंदू किमान 230 अंश, पाणी शोषल्यावर 155 पर्यंत खाली येतो. आपली हवा कोरडी असली तरी या गाड्या उभ्याच जास्त असतात. बऱ्याचशा खंडेनवमीला पूजेपुरत्या बाहेर निघतात. उभ्या गाडीतलं ऑईल पाणी ओढतच राहतं आणि पिस्टन गंजतो. दोन वर्षांनी ऑईल बदला, गाडी चालली असो वा नसो. सिलिकॉनचं डॉट 5 पाणी शोषत नाही म्हणून काहींना आवडतं. माझं मत: ज्या गावात पुढचा मिस्त्री टाकीत डॉट 4 च ओतणार आहे तिथं डॉट 5 भरू नये, कारण दोन्ही मिसळत नाहीत.

बसवताना रबराला ब्रेकचं रबर ग्रीस किंवा ताजं ब्रेक ऑईल लावा, चाकाचं ग्रीस नाही. हवा काढायला मास्टरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करा. मग इन्फ्रारेड थर्मामीटर घेऊन तुळजापूरला जा. जाताना ब्रेकचं काम कमी, ते सोडा. येताना घाट उतरा, गिअर खालचा ठेवून पण ब्रेक वापरत, आणि घाट संपल्यावर सपाटीला दोन-तीन किलोमीटर ब्रेकला पाय न लावता चालवून थांबा. चारही चाकांचं तापमान घ्या, हात लावून नाही. पुढची दोन एकमेकांच्या जवळ हवीत, मागची दोन एकमेकांच्या. एक पुढचं चाक दुसऱ्यापेक्षा बरंच गरम निघालं तर त्याच चाकाचं निप्पल तिथंच उघडून बघा. मागचं एकच गरम असेल तर ऑईलच्या वाटेला जाऊच नका, हँडब्रेकची केबल सोडा आणि तेवढं अंतर पुन्हा चालवा.